पेटी बंद पडली तेव्हा

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकताई म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे म्हटलेलं तिला कळलं तर जास्त महागात पडायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा. ताईचा पाय त्या ब्रेकवर आणि आवाज शिकणाऱ्याच्या मानगुटीवर. "क्लच सोड, क्लच! जत्रेत हरवलेला भाऊ सापडल्यासारखा काय धरून ठेवलायस?" असं ती ओरडली की समोरच्याचा हात दचकून हॉर्नवर पडायचा. तरी लोक तिच्याकडेच शिकायला यायचे. तिच्या शेजारी बसून जो गाडी चालवायला शिकला, त्याला पुढे ट्रकवालेसुद्धा मवाळ वाटायचे.

लग्न झालं होतं तिचं. नवऱ्याने एकदा हात उचलला. दुसऱ्यांदा उचलायला ती त्याच्यासमोर उरली नाही. त्याच दिवशी बॅग भरून धाकट्या भावाच्या दारात येऊन उभी राहिली. मूलबाळ नव्हतं. भाऊ रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना हव्या त्या छटा कालवून द्यायचा. स्वभावाने इतका थंड, की ताई म्हणायची, आमच्या आईने सगळं मीठ-मिरची माझ्यातच संपवलं, याच्या वाट्याला नुसतं पाणी. भावजय अबोल होती. नणंद-भावजयीचं भांडण नव्हतं आणि गूळपीठही नव्हतं. अरुंद स्वयंपाकघरात दोघी एकमेकींना वळसा घालून वावरायच्या.

भावजयीला सातवा महिना सरत आला होता. एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती आडवी झाली, आणि थोड्या वेळात तिला झटके आले. डोळे वर, दात घट्ट. ताईने तिला उचलून स्कूलच्याच गाडीत घातलं. गाडीवर "शिकाऊ चालक, अंतर ठेवा" अशी पाटी होती. त्या दिवशी रस्त्याने खरोखरच अंतर ठेवलं.

ब्लड प्रेशर भलतंच वाढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, बाळ आत्ताच्या आत्ता बाहेर काढलं नाही तर दोघंही जातील. दुकानातून धावत आलेला भाऊ सही करून बाकावर बसला आणि ताई ऑपरेशनच्या दारासमोर पहारा दिल्यासारखी उभी राहिली. दार उघडलं, एक नर्स लगबगीने बाहेर आली. तिच्या हातात डोक्याला टोपी घातलेलं काहीतरी होतं, आणि मानेपासून खाली ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं.

"पिशवीत?" ताई तिच्या मागे धावली. "पिशवीत घातलंय बाळाला? भाजी आहे का ते?"

"बाई, सरका. ओलं, कच्चं बाळ आहे. अंगावर चरबी नाही, बघता बघता गार पडतं. पिशवीत ऊब टिकते. तोंड उघडं आहे, श्वास घेतेय ती."

ताई सरकली, पण गप्प झाली नाही. पिशवीला काही हरकत नव्हती तिची. तिचा संताप असा होता, की सगळं घाईघाईने चाललं होतं, सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तिला कोणी काही सांगत नव्हतं.

भावजयीला वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. ती शुद्धीवर नव्हती. बाळ खालच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत. मुलगी होती. एवढीशी, की तिचा हात म्हणजे ताईच्या अंगठ्याचं पेर. नाकात नळी, पायाला वायर, छातीवर गोल चिकटपट्ट्या. ताईने बाहेरच्या काचेतून पाहिलं: एक काच भिंतीची, दुसरी पेटीची. दोन काचांपलीकडे तिच्या भावाची लेक धापा टाकत होती.

आत फक्त आई आणि बाप, असा तिथला नियम होता. आई बेशुद्ध. आणि बापाच्या छातीवर नेमकी त्याच आठवड्यात नागीण उठली होती; पाण्याचे फोड, अंगाला शर्ट लागू देत नव्हता. बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दारातच थांबवलं. "हे फोड वाळेपर्यंत तुम्ही या दाराच्या आत पाय टाकायचा नाही. तुम्हाला नागीण आहे, पण त्यातून या बाळांना कांजिण्या होतील, आणि त्यांना त्या झेपणार नाहीत."

"मग मी जाते," ताई म्हणाली. "मला लहानपणीच झाल्यात कांजिण्या. याला माझ्याकडूनच लागल्या."

"तुम्ही तिच्या कोण?"

"आत्या."

"आत्या चालत नाही."

"आत्या चालत नाही म्हणजे? मी काय रेशनचं दुकान आहे, आज चालू, उद्या बंद?"

डॉक्टरीणबाई वयाने ताईएवढ्याच. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पायात झिजलेल्या चपला. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "एकदा मी नातेवाइकांना आत घेतलं होतं. एकाला नुसता खोकला होता. त्या खोकल्याने माझी दोन बाळं नेली. नियम मी हौसेने करत नाही." आणि दार लावून घेतलं.

ताईला या उत्तराचा जास्त राग आला, कारण त्यात खोट काढता येत नव्हती.

मग दिवस तसेच गेले. ताई शिकवणीच्या मधल्या वेळात यायची, काचेशी उभी राहायची, परत जायची. भावजयीची आईही येऊन राहिली होती. म्हातारी जुन्या अनुभवाची. ती दारातल्या नर्सला सांगायची, "पेट्याबिट्या कशाला? आमच्या वेळी कापसात गुंडाळून दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायचो. माझा धाकटा तसाच वाढला."

"तुमचा वाढला," नर्स म्हणाली. "आमच्याकडे मागे एक आलं होतं, बाटलीने पाठ भाजलेलं. या वयात कातडी कागदासारखी असते, आजी. घरी गेल्यावरसुद्धा बाटली नको." म्हातारीला कुणावर तरी चिडायचंच होतं, ती ताईवर चिडली.

हळूहळू पोरगी स्वतःचा श्वास घ्यायला लागली. नाकातली मोठी नळी निघाली, दुधाची बारीक नळी राहिली. नर्स म्हणाली, आता खरं तर हिला पेटीपेक्षा आईची छाती हवी. कांगारू पद्धत म्हणतात. उघड्या छातीवर उघडं बाळ, वरून पांघरूण. ऊब मिळते, श्वास एका लयीत राहतो, वजन धरतं.

"मग घ्या ना कोणीतरी!" ताई म्हणाली.

"आई हवी."

"आई वर पडलीय."

नर्सने खांदे उडवले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि मग एका सकाळी पोरीची पेटी बंद पडली. आतला हीटर गेला. ताई काचेशीच उभी होती. तिला आधी नुसती धावपळ दिसली. कोणी वायर काढून पुन्हा लावतंय, कोणी पेटीवर हात आपटतंय, डॉक्टरीणबाई कानाला फोन लावून फेऱ्या घालतायत. दुसऱ्या पेट्या भरलेल्या. उघडा, वरून तापणारा वॉर्मर एकच होता, आणि त्याखाली एक मुलगा होता. त्याला ताप होता. डॉक्टरीणबाई फोनवर कुणावरतरी काचेबाहेर ऐकू येईल अशा ओरडत होत्या, "मी तीनदा लिहून दिलंय की ही पेटी दुरुस्त करा. तीनदा! आता तुम्ही इथे या, आणि तुमच्या हातांनी धरा हे बाळ!" त्यांनी फोन टेबलावर आदळला. काचेतून ताईला प्रथमच वाटलं, ही बाई आपल्याच जातकुळीची आहे.

डॉक्टरीणबाईंनी काचेकडे पाहिलं. मग येऊन दार उघडलं.

"खोकला, ताप, जुलाब, अंगावर काही पुरळ?"

"नाही."

"सिगारेट, तंबाखू?"

"नाही."

"कोपरापर्यंत हात धुवा. शर्टची बटणं सोडा. आतलंही काढा. या खुर्चीत बसा आणि मी सांगेपर्यंत उठू नका."

म्हातारी खोकत मागून पुढे आली. "अहो डॉक्टर, बाळाला पहिलं अंग हिचं लावणार? नवरा टाकून आलेली, कूस न उजवलेली बाई! माझी लेक वर जिवंत आहे."

ताई हात धूत होती. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "मावशी," ती म्हणाली, "तुम्ही खोकताय, म्हणून तुमचं अंग चालत नाही. नाहीतर मी स्वतः तुमच्या पदरात घातली असती. नवऱ्याचं म्हणाल तर मी त्याला टाकला, कारण तो माणूस ठेवण्यालायक नव्हता. आता दारातून बाजूला व्हा, वारा येतोय."

नर्सने पोरीला ताईच्या दोन स्तनांच्या मधे उभं ठेवलं. बेडकासारखे पाय दुमडून, डोकं एका बाजूला, मान किंचित वर. लंगोट, टोपी, मोजे. बाकी अंग उघडं. वरून मऊ कापडाचा पट्टा घट्ट बांधला आणि त्यावर ताईचा शर्ट, शर्टावर ब्लँकेट. पोरगी गार होती. गार म्हणजे, फरशीवरून उचललेल्या ओल्या फडक्यासारखी. ताईच्या अंगावर काटा आला. इतका वेळ जो राग तिच्या तोंडातून वाहत होता, तो एकदम आटला.

"सिस्टर, ही हलत नाहीये."

"हलेल. तुम्ही श्वास घ्या. धरून ठेवलाय तुम्ही."

ताईने श्वास सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग छातीवर काहीतरी सरकलं, पाखराने घरट्यात कूस बदलावी तसं. पोरीची बोटं ताईच्या गळ्याखालच्या कातडीत रुतली. नखं होती तिला! एवढीशी, पण लागत होती. यंत्रावरचे आकडे चढायला लागले आणि डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच खुर्चीला टेकल्या.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाचा फोन आला. नर्सने तो ताईच्या कानाशी धरला. "अहो ब्रेकताई, लोक ताटकळलेत इथे! कुठे आहात?"

"कांगारू झालेय," ताई हळू आवाजात म्हणाली. "ठेवा फोन."

त्या दिवसापासून ताई रोज बसायची. सकाळी येऊन बसली की संध्याकाळीच उठायची. मधे जेमतेम पोटाला आणि मोरीला सुट्टी, तेवढा वेळ पोरगी दुरुस्त झालेल्या पेटीत. खुर्ची प्लॅस्टिकची, पाठ सरळसोट. कंबर धरायची. पेटीला हीटर द्यायचा, वायर द्यायची, डॉक्टरने तीनदा लिहून द्यायचं, आणि बसणाऱ्या बाईला एक टेकायची खुर्ची नाही! ताई हे सगळं बडबडायची, पण कुजबुजत. ओरडलं की पोरगी दचकायची. आयुष्यात पहिल्यांदा ब्रेकताईला आवाज न चढवता चिडायला शिकावं लागलं, आणि ते तिला फार जड गेलं.

वॉर्मरखालचा तो मुलगा तिच्या खुर्चीशेजारीच होता. ताई त्याला शेजारी म्हणायची. "काय शेजारी, आज ताप कमी दिसतो." त्याच्याजवळ कोणी बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"याची आई कुठेय?" तिने नर्सला विचारलं.

"घरी पाठवली. लांबच्या गावची आहे. टाके निघाले, बेड दुसऱ्या बाईला लागत होता. घरी आणखी लेकरं आहेत तिला. अधूनमधून येते, बसने."

"म्हणजे आईला ठेवायला तुमच्याकडे जागा नाही, म्हणून तिला हाकललीत. आणि आता आई नाही, म्हणून पोर दिव्याखाली?"

"मी नाही हाकललं," नर्स म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने तिला आणखी काही सुनावलं नाही.

तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हिला पेटीत ठेवते तेवढा वेळ त्याला घेऊ का मी?"

"नाही. त्याच्या अंगात इन्फेक्शन आहे, ते तुमच्यामार्फत हिला जाईल. आणि तुम्ही त्याच्या कोणी नाही. त्याच्या घरच्यांना मी फोन लावतेय. लागत नाहीये."

दोन्ही कारणं खरी होती. पण शेजाऱ्याकडे बघायचं ताईने सोडलं नाही.

एका सकाळी भाऊ काचेपाशी येऊन खुणा करायला लागला. फोड वाळत आले होते, पण आत यायची परवानगी अजून नव्हती. नर्सने दार किलकिलं केलं.

"ताई, ती शुद्धीवर आली. बोलतेय."

"कधी?"

"काल सकाळी."

"काल?" ताईचा आवाज चढला, पोरगी दचकली, ताईने तो पुन्हा गिळला. "काल सकाळी शुद्धीवर आली आणि अजून तिला लेक दाखवली नाही?"

"ती मागतेय सारखी. वरचे म्हणतात, खालच्यांनी बोलावलं पाहिजे. खालचे म्हणतात, वरच्यांनी सोडलं पाहिजे. मी दोन्हीकडे जाऊन आलो. बघू म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?"

भाऊ काय म्हणणार! तो "बरं" म्हणाला होता.

ताईने नर्सला हाक मारली, पोरीला स्वतःच्या छातीवरून सोडवून पेटीत ठेवायला लावलं. शर्टची बटणं लावली, ती वरखाली लागली. जिन्याने वर गेली. अतिदक्षता विभागाच्या दारात चाकांची खुर्ची होती, ती तिने ताब्यात घेतली.

"ओ बाई, कुठे? पेशंटला हलवायला मोठ्या डॉक्टरांची परवानगी लागते."

"मग बोलवा त्यांना. मी तोवर तिला खुर्चीत बसवते. त्यांनी नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हणू दे."

मोठे डॉक्टर आले. तरुणच होते. ताईकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. भावजय सुजलेली, ओठ फुटलेले, खुर्चीचे हात दोन्ही मुठींत घट्ट धरून बसलेली. त्या अबोल बाईच्या चेहऱ्यावर असा संताप होता, की ताईसुद्धा दचकली. "माझ्यात आणि तिच्यात एक जिना आहे," भावजय म्हणाली. आवाज फाटलेला. "एक जिना."

डॉक्टरांनी तिचं ब्लड प्रेशर तपासलं आणि म्हणाले, "एक नर्स बरोबर द्या." त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, असं नंतर कळलं. वरचे आणि खालचे म्हणजे मधलीच माणसं होती.

खाली आल्यावर भावजयीने पेटीकडे पाहिलं, मग ताईच्या वेड्यावाकड्या लागलेल्या शर्टाकडे. म्हातारीने तिला सगळं सांगितलं असणार. "इतके दिवस तुमच्याकडेच होती," ती म्हणाली. ते आभार नव्हते. ताईला ते कळलं, आणि तिने ते ऐकून घेतलं.

नर्सने पोरीला भावजयीच्या छातीवर ठेवलं. दुधाने तिचा झगा पुढून भिजला. आणि इतक्यात यंत्र ओरडायला लागलं. आकडे घसरले. पोरीचे ओठ निळसर. भावजय थिजली. म्हातारी काचेबाहेरून काहीतरी ओरडली. भावजयीने ताईकडे असं पाहिलं, की घ्या तुमची, तुम्हालाच ओळखते ती.

ताईचे हात पुढे गेले होते. तिने ते मागे घेतले.

नर्सने पोरीची हनुवटी वर केली. "मान वाकली होती हो, एवढंच. ओल्या झग्यावरून घसरली." अंग पुसलं, पट्टा पुन्हा बांधला. ओठ गुलाबी झाले, यंत्र गप्प झालं. भावजय ढसाढसा रडायला लागली. ताई तिथून बाहेर आली आणि जिन्याखाली एकटी उभी राहिली. तिच्या गळ्याखाली बारीक नखांचे ओरखडे होते, ते चुरचुरत होते. आपल्याला नक्की कुणाचा राग येतोय हे तिला कळेना. बहुतेक कुणाचाच नाही, आणि तरी तो मावत नव्हता.

त्यानंतर दोघी आळीपाळीने बसायला लागल्या. आईची वेळ जास्त, आत्याची कमी. घरच्यासारखंच, एकमेकींना वळसा घालून.

शेजारी त्याच आठवड्यात गेला. ताई तिथेच होती. त्याची आई दुपारच्या बसने आली, हातात विणलेली टोपी घेऊन, आणि तिला काचेबाहेरच सांगितलं गेलं. ती रडली नाही, खाली बसली फक्त. "मला म्हणाले, तुमचं इथे काही काम नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी राहते म्हणाले होते. जिन्यातसुद्धा राहते म्हणाले होते."

ताई डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही. "त्याला छातीशी घेतलं असतं तर वाचला असता?"

डॉक्टरीणबाईंनी समोरची फाइल मिटली. "वाचला असता असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "वाचला नसता असंही म्हणणार नाही."

"पण त्याच्या आईला काम नाही असं कोण म्हणालं?"

"बेडचा हिशोब करणारं कोणीतरी. मी विचारलं नाही." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं."

ताईला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ती समोरच्या खुर्चीत बसली. दोघी रागीट बायका समोरासमोर बसून राहिल्या, कितीतरी वेळ.

पोरगी घरी आली, वाढली. आता आवाजात आत्यावर गेलीय असं सगळे म्हणतात, आणि भावजयीला ते अजूनही फारसं आवडत नाही. मधल्या काळात ताईने त्या हॉस्पिटलचा पिच्छा पुरवला. मालकापासून वॉर्डबॉयपर्यंत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: बाळ आत असताना आई बाहेर का? डॉक्टरीणबाई आतून भांडत होत्या, ही बाहेरून. दोघींना कंटाळून म्हणा, लाजेने म्हणा, शेवटी बाळांच्या वॉर्डाला लागून आयांची खोली झाली. पलंग, टेकायच्या खुर्च्या. आई नसेल तर बाप, बाप नसेल तर घरातलं कोणतंही निरोगी माणूस, हात धुऊन.

खोली सुरू झाली त्या दिवशी ताईला बोलावलं होतं. कोणीतरी फोटो काढत होतं. एका साहेबांनी विचारलं, "दोन शब्द बोला ना ताई, कसं वाटतंय?"

ताईने खुर्चीच्या पाठीवर हात दाबून पाहिला. "खुर्च्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "उशिरा आल्या." आणि निघाली.

घरी भावजयीने विचारलं, "एवढंच बोललात? तुम्ही?"

"जास्त बोलले असते तर रडले असते," ताई चप्पल काढत म्हणाली. "आणि त्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं."

भावजयीने पाण्याचा तांब्या भरला आणि, वळसा न घालता, सरळ येऊन तो ताईच्या हातात दिला.